डिग्री परदेशात चालवायची असेल तर सुरुवात शेवटच्या टेबलापासून करा

परदेशातल्या कॉलेजचा किंवा कंपनीचा मेल येतो, त्यात एवढीच एक ओळ असते की तुमची डिग्री सर्टिफाय करून पाठवा, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. कारण सर्टिफाय हा शब्द एकच असला तरी त्याच्या मागे तीन वेगळी कामं असतात, तिन्ही वेगळ्या ऑफिसात होतात, तिन्हींना वेगळा वेळ लागतो, आणि एक करून आलात म्हणून दुसरं माफ होत नाही. मी हे सगळं दोनदा केलंय, पहिल्यांदा उलटसुलट क्रमाने आणि दुसऱ्यांदा नीट विचारून, आणि दुसऱ्या वेळी अर्ध्याहून कमी वेळात काम झालं, तर ते कसं झालं ते इथे सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे हा कागद खरा आहे का, म्हणजे त्यावरची सही आणि शिक्का खरोखर त्या अधिकाऱ्याचाच आहे का. याला अपोस्टिल किंवा लीगलायझेशन किंवा अटेस्टेशन म्हणतात. दुसरं काम म्हणजे ही डिग्री आमच्या देशातल्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची, याला इव्हॅल्युएशन किंवा रेकग्निशन म्हणतात. तिसरं म्हणजे ही डिग्री तुम्हाला खरोखर मिळाली होती का, हे थेट युनिव्हर्सिटीकडून विचारून घेणं, याला व्हेरिफिकेशन म्हणतात. आता गंमत बघा, अपोस्टिल लावलेली डिग्री घेऊन तुम्ही इव्हॅल्युएशन करणाऱ्या संस्थेकडे गेलात तर ते म्हणू शकतात की आम्हाला अपोस्टिल नकोच, आम्हाला युनिव्हर्सिटीने थेट पाठवलेली ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत उतारा, हवी. आणि व्हिसावाले नेमकं उलटं म्हणू शकतात. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

म्हणून पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो मी पहिल्या वेळी पाळला नाही. कागद घेऊन कुठेही धावायच्या आधी, जो शेवटी हा कागद हातात घेणार आहे त्याला लेखी विचारा. फोनवर नाही, मेलवर, कारण फोनवरचं कोणी लक्षात ठेवत नाही आणि पुढे माणूस बदलला की सांगणारा वेगळाच. मेलमध्ये "काय काय लागेल" असा मोकळा प्रश्न टाकू नका, त्याला उत्तर म्हणून एक छापील लिंक येते. नेमकं विचारा: मूळ डिग्रीवर अपोस्टिल हवंय की नोटरीने सर्टिफाय केलेली कॉपी चालेल, फक्त डिग्री की सोबत सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्टपण, भाषांतर लागणार असेल तर ते कोणी केलेलं चालतं आणि अपोस्टिलच्या आधी करायचं की नंतर, युनिव्हर्सिटीने थेट पाठवायचंय का, आणि हे कागद किती जुने असलेले चालतात. अजून पदवीदान झालं नसेल आणि हातात फक्त प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर ते तात्पुरतं धरतात का तेही याच मेलमध्ये विचारून टाका. उत्तर आलं की ते जपून ठेवा, पुढे कोणी आक्षेप घेतला तर हा मेलच पुढे करता येतो.

उत्तर आलं की शेवटच्या टेबलापासून उलटं मागे यायचं. त्या टेबलाला कोणाचा शिक्का हवाय, तो शिक्का मारणारा त्याआधी कोणाची सही मागतो, ती सही करणारा त्याआधी काय मागतो, असं करत करत तुम्ही तुमच्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागाच्या खिडकीपर्यंत येता. या साखळीत प्रत्येक माणूस फक्त त्याच्या आधीच्या माणसाची सही ओळखतो. परराष्ट्र खात्यातला अधिकारी तुमच्या रजिस्ट्रारला ओळखत नसतो, त्याच्याकडे नमुना सह्यांची नोंद असते, त्यात जी सही आहे तिलाच तो खरी म्हणतो. त्यामुळे मधली एक कडी गाळून पुढे गेलात तर तो अडवणूक करत नसतो, त्याच्याकडे खरोखरच ताडून बघायला काही नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी चिडचिड कमी होते.

डिग्री जुनी असेल तर इथेच एक वेगळी अडचण येते. वीस वर्षांपूर्वी सही करणारे रजिस्ट्रार कधीच रिटायर झालेले असतात आणि त्यांची नमुना सही पुढच्या ऑफिसकडे नसते. अशा वेळी जुन्या सहीच्या मागे न लागता युनिव्हर्सिटीकडून आजच्या अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र घ्यायचं, की अमुक व्यक्तीला अमुक वर्षी अमुक डिग्री दिली आहे आणि ती आमच्या रेकॉर्डवर आहे, किंवा जुन्या कागदाच्या मागेच आजच्या अधिकाऱ्याकडून पडताळणीचा शेरा घ्यायचा. कॉलेज बंद पडलं असेल किंवा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत विलीन झालं असेल तर रेकॉर्ड कोणाकडे गेलं ते आधी शोधा, ते नव्या युनिव्हर्सिटीकडे, शिक्षण खात्याकडे किंवा अभिलेखागारात असतं.

अपोस्टिल म्हणजे नेमकं काय

पूर्वी एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालवायचा म्हणजे ही साखळी फार लांब असायची, आपल्या देशातली दोन-तीन ऑफिसं, मग समोरच्या देशाची एम्बसी, मग त्या देशात पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. ही दगदग कमी करायला ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेगमध्ये एक करार झाला, तो २४ जानेवारी १९६५ पासून लागू झाला, आणि आता त्यात १२० हून जास्त देश आहेत. कराराचा अर्थ साधा आहे, कागद ज्या देशाचा आहे त्या देशाच्या नेमलेल्या ऑफिसने एक ठराविक नमुन्याचं प्रमाणपत्र लावलं की बाकीच्या सदस्य देशांनी एम्बसीचा शिक्का मागायचा नाही. ते प्रमाणपत्र म्हणजे अपोस्टिल.

करारात कोण आहे हे बघताना तारखा नक्की बघा, कारण गेल्या काही वर्षांत मोठे मोठे देश आत आलेत आणि जुनी माहिती अजून सगळीकडे फिरतेय. सौदी अरेबियात हा करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. म्हणजे तुमच्या ओळखीतल्या कोणी २०२० मध्ये चीनसाठी एम्बसीचे हेलपाटे मारले असतील तर त्यांचा अनुभव खरा होता पण आता रस्ता बदललाय. खात्रीची जागा एकच, हा करार सांभाळणाऱ्या हेग कॉन्फरन्स या संस्थेच्या साइटवरचा स्टेटस टेबल, म्हणजे सदस्य देशांचा तक्ता, त्यात प्रत्येक देशाची तारीख आणि कोणत्या देशाने कोणावर आक्षेप घेतलाय तेही दिलेलं असतं. आणि हा आक्षेपाचा भाग कोणी बघत नाही! नवीन देश करारात येतो तेव्हा आधीचे सदस्य आक्षेप नोंदवू शकतात, आणि नोंदवला तर त्या दोन देशांमध्ये अपोस्टिल चालत नाही, दोघंही सदस्य असले तरी. भारत २००५ पासून सदस्य आहे, जर्मनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून, पण जर्मनीने भारताबाबत आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे या दोघांत अपोस्टिलवर काम भागत नाही. म्हणून दोन्ही नावं यादीत दिसली म्हणून थांबू नका, तळटीपसुद्धा वाचा.

संयुक्त अरब अमिराती, कतार असे जे देश करारात नाहीत त्यांच्यासाठी जुनीच लांब साखळी. आपल्या बाजूचं परराष्ट्र खातं, मग त्या देशाची एम्बसी किंवा कॉन्सुलेट, आणि बऱ्याचदा तिथे उतरल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शेवटचा शिक्का. यात एम्बसीला एक टप्पा म्हणून धरा, शेवट म्हणून नाही, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो कारण ती विचारणारे फार भेटतात. अपोस्टिल कागद जिथला आहे तिथूनच मिळतं, तुम्ही आता राहता तिथून नाही. तुम्ही एका देशात शिकलात, दुसऱ्या देशात राहताय आणि तिसऱ्या देशात जायचंय, तर पहिल्या देशातच करावं लागतं. तुमच्या देशाच्या परदेशातल्या एम्बसीत जाऊन अपोस्टिल लावून घेऊ असं होत नाही, एम्बसीने स्वतः तयार केलेले कागद तर करारातून मुळातच वगळलेले आहेत. आणि अमेरिकेसारख्या देशात तर एकच ऑफिस नाही, नोटरीने ज्या राज्यात सही केली त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (म्हणजे परराष्ट्रमंत्री नव्हे, त्या राज्य सरकारचा अधिकारी) जावं लागतं.

दुसरी ओळ वाचा

अपोस्टिल हातात आलं की लोक खुश होऊन फाइलला लावतात, वाचत कोणीच नाही. वाचा. तो एक चौकोन असतो, प्रत्येक बाजू किमान ९ सेंटिमीटर, वर फ्रेंचमध्ये शीर्षक असतं त्यात १९६१ ची तारीख असते, आणि खाली दहा आकडे टाकलेल्या जागा. पहिल्या जागी देशाचं नाव. दुसऱ्या जागी सही कोणाची, तिसऱ्या जागी ती सही कुठल्या पदावरून केलीय, चौथ्या जागी शिक्का कोणाचा. मग पाचव्या ते दहाव्या जागेत कुठे, कधी, कोणी दिलं, क्रमांक, शिक्का आणि सही.

यातली दुसरी आणि तिसरी ओळ म्हणजे सगळ्या प्रकरणाचा जीव आहे. तिथे युनिव्हर्सिटीच्या किंवा शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याचं नाव असेल तर अपोस्टिल त्या अधिकाऱ्याच्या सहीला खरं म्हणतंय. पण तिथे नोटरीचं नाव असेल तर अपोस्टिल फक्त एवढंच म्हणतंय की हा नोटरी खरा आहे, त्याने ज्या कॉपीवर सही केली तो मूळ कागद खरा की खोटा यावर अपोस्टिल एक शब्दही बोलत नाही. हा फरक फार मोठा आहे. बोगस युनिव्हर्सिटीच्या डिग्रीची कॉपी नोटरीकडे नेली आणि त्याने "मूळ प्रतीबरोबर ताडून पाहिली" असं लिहिलं तरी त्यावर रीतसर अपोस्टिल लागू शकतं, आणि म्हणूनच पुष्कळ युनिव्हर्सिट्या आणि लायसन्स देणाऱ्या संस्था अपोस्टिल असूनही वेगळं व्हेरिफिकेशन मागतात. तेव्हा तो तुमच्यावरचा अविश्वास समजू नका.

याचा अर्थ नोटरीचा रस्ता चुकीचा असा नाही हं. ब्रिटनमध्ये डिग्री आधी तिथल्या सॉलिसिटर (म्हणजे वकील) किंवा नोटरीकडून सर्टिफाय करून मगच अपोस्टिलला देतात, तीच तिथली पद्धत आहे. प्रश्न एवढाच की समोरच्याला कुठलं चालतं, आणि म्हणून पहिल्या मेलमध्ये मूळ की कॉपी हे विचारायला सांगितलं.

आणि अपोस्टिलला करारात कुठलीही एक्सपायरी नाही. समोरची संस्था स्वतःच्या नियमाने "सहा महिन्यांच्या आतलं हवं" म्हणू शकते, पण डिग्रीच्या बाबतीत असं कमी होतं. कोणी एजंट "जुनं झालं, परत काढा" म्हणाला तर समोरच्याकडून खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागद सांभाळताना

हा भाग छोटा वाटेल पण माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेलेत. मी कौतुकाने माझी डिग्री लॅमिनेट करून ठेवली होती. वर्षानुवर्षं एकदम चकचकीत. खिडकीवर दिली तर बाईंनी ती उलटी केली, नखाने कोपरा उचलून बघितला आणि परत माझ्याकडे सरकवली, म्हणाल्या यावर शाई बसणार नाही आणि मागे काही चिकटवलं तर निघून येईल. घरी येऊन एका बाजूने हळूहळू प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला, तर प्लास्टिकबरोबर छापील अक्षरांचा पातळ थर वर यायला लागला, शिक्क्याच्या गोलाचा एक तुकडा प्लास्टिकलाच चिकटून आला. तिथेच थांबलो. मग युनिव्हर्सिटीत डुप्लिकेटचा अर्ज, त्याची वाट, आणि तिकडची तारीख जवळ येतेय. तेव्हा डिग्री हातात येईल त्या दिवसापासून साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, लॅमिनेशन नको, मागे नाव-पत्ता लिहू नका, टेप लावू नका. आणि ज्यांची आधीच लॅमिनेट झालीय त्यांनी स्वतः सोडवत बसू नका, सरळ डुप्लिकेटचा अर्ज आजच टाका.

दुसरं, पिन. अपोस्टिल बऱ्याचदा वेगळ्या कागदावर असतं आणि डिग्रीला पिन मारून किंवा रिबनने जोडलेलं असतं, जोडावर अर्धा शिक्का इकडे अर्धा तिकडे. स्कॅन सरळ यावा म्हणून ती पिन काढली की संपलं, परत त्याच भोकांत पिन मारली तरी समोरचा माणूस कोपरा बघतो, दोन भोकं जास्तीची दिसली की कागद बदलला असेल अशी शंका येते आणि तो नाकारू शकतो. स्कॅन करताना पान दुमडून, थोडं वाकडं आलं तरी चालेल, तसंच करा. झेरॉक्सवाल्याच्या हातात देताना तर आधीच बजावून ठेवा.

आणि नाव. पासपोर्टवर जे नाव आहे ते आणि डिग्रीवर जे आहे ते अक्षर न अक्षर ताडून बघा, आजच, काम पडायच्या आधी. एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे फक्त अक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव, एकाच नावाची दोन स्पेलिंगं. हे आपल्याला किरकोळ वाटतं कारण आपल्याला माहीत असतं की तो मीच, पण तिकडे जो बघतो त्याच्यासमोर दोन कागद आणि दोन नावं एवढंच असतं. डिग्रीतच चूक असेल तर युनिव्हर्सिटीकडून दुरुस्ती करून घेणं सगळ्यात चांगलं, वेळ लागला तरी. चूक नसून नाव बदललेलं असेल तर लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचा कागद सोबत द्यावा लागतो, आणि लक्षात ठेवा, तो कागदही परदेशात चालायला हवा म्हणजे त्यालाही अपोस्टिल लागू शकतं. डिग्रीबरोबर एकाच फेरीत करून घ्या. नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही, परत विचारूनच.

भाषांतर कधी करायचं

समोरच्या देशाच्या भाषेत भाषांतर लागत असेल तर क्रम चुकवू नका. साधारणपणे आधी अपोस्टिल, मग भाषांतर, कारण भाषांतरात अपोस्टिलचाही मजकूर यायला हवा असं बऱ्याच ठिकाणी मागतात. आधी भाषांतर करून ठेवलंत आणि मग अपोस्टिल लावलंत तर भाषांतर अपुरं ठरतं आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. आणि भाषांतर कोणी केलं याला भाषेच्या सफाईपेक्षा जास्त किंमत आहे. स्पेन, जर्मनी, ब्राझील अशा देशांत शपथ घेतलेले किंवा सरकारने नेमलेले भाषांतरकार असतात, त्यांचा शिक्का नसेल तर सुंदर भाषांतरही नुसता कागद. कधी कधी इथल्या भाषांतरकाराचं भाषांतर चालतं पण त्याच्या सहीवर वेगळं अपोस्टिल लागतं, आणि कधी कधी त्यांच्याच देशातला भाषांतरकार लागतो, मग स्कॅन पाठवून तिकडूनच करून घेणं स्वस्त आणि सोपं पडतं. भाषांतर आलं की विषयांची नावं आणि मार्क स्वतः ताडा. डिग्रीचं नाव समोरच्या देशातल्या डिग्रीच्या नावात "बदलून" टाकलंय का ते खास बघा, बॅचलरला त्यांच्याकडचं मास्टर्ससारखं वाटणारं नाव दिलं तर नंतर खोटं बोलल्यासारखं दिसतं. भाषांतरकाराने बरोबरी ठरवायची नसते, मूळ नाव तसंच ठेवायचं असतं.

युरोपात एकमेकांत आता अपोस्टिल लागत नाही असं कोणी सांगेल. ते अर्धवट आहे. युरोपियन युनियनचा २०१६ चा एक नियम २०१९ पासून लागू आहे आणि त्याने जन्म, लग्न, मृत्यू असे दाखले अपोस्टिलमधून मोकळे केले, डिग्री त्यात येत नाही.

बरोबरी कोण ठरवतं

आता दुसरं काम, इव्हॅल्युएशन. इथे आधी हे ठरवा की तुम्हाला डिग्री कशासाठी वापरायचीय. पुढच्या शिक्षणासाठी असेल तर बहुतेक वेळा ती युनिव्हर्सिटीच निर्णय घेते. साध्या नोकरीसाठी असेल तर मालक ठरवतो, फार तर एखादं तुलनापत्र, म्हणजे तुमची डिग्री तिकडच्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे हे सांगणारं पत्र, मागतो. पण डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक, काही ठिकाणी इंजिनिअर आणि आर्किटेक्ट, म्हणजे जिथे लायसन्सशिवाय काम करता येत नाही, तिथे त्या व्यवसायाचं कौन्सिल किंवा सरकारी खातं ठरवतं, आणि बाकी कोणाचंही पत्र तिथे फक्त माहितीपुरतं असतं. नर्सिंगची डिग्री घेऊन जनरल तुलनापत्रावर पैसे आणि महिने घालवलेले लोक मी बघितलेत, आणि खूप वाईट वाटतं, कारण ते पत्र खरं असतं, नुसतं चुकीच्या दारासाठी काढलेलं असतं.

देशोदेशी यासाठी माहिती केंद्रं आहेत, एनिक-नॅरिक नावाचं त्यांचं जाळं आहे, युरोपात आणि बाहेरही. ब्रिटनमध्ये यूके एनिक. जर्मनीत झेडएबी नावाचं ऑफिस तुलनापत्र देतं, आणि त्यांचा अनाबिन हा डेटाबेस कोणालाही फुकट बघता येतो, त्यात तुमची युनिव्हर्सिटी शोधायची. नावापुढे एच प्लस असेल तर संस्था मान्य, एच मायनस असेल तर नाही, आणि प्लस-मायनस दोन्ही असेल तर प्रकरण तपासून ठरवावं लागतं. पण संस्था मान्य म्हणजे डिग्री मान्य असं नसतं, डिग्रीची नोंद वेगळी शोधायची. जर्मनीला जाणाऱ्याने अर्जाचे पैसे भरायच्या आधी ही दोन्ही पानं बघून प्रिंट काढून ठेवावीत.

अमेरिका आणि कॅनडात खाजगी संस्था हे काम करतात, त्यात डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) सगळ्यांना माहीत असते. अमेरिकेत अशा संस्थांची नेसेस नावाची संघटना आहे आणि समोरचा सहसा "नेसेसची सदस्य संस्था" असं लिहितो, मग त्यातली कुठलीही चालते, पण एखादी युनिव्हर्सिटी दोन-तीनच नावं घेते, तिचं ऐका. रिपोर्ट दोन तऱ्हेचे असतात, एकात फक्त डिग्रीची बरोबरी आणि दुसऱ्यात प्रत्येक विषय, क्रेडिट, ग्रेड. पुढच्या शिक्षणासाठी सहसा दुसरा लागतो, आणि तो महाग असतो म्हणून लोक पहिला काढतात आणि नंतर परत काढतात. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी ईसीए (एज्युकेशनल क्रेडेन्शियल असेसमेंट) नावाचा वेगळाच रिपोर्ट लागतो, तो सरकारने नेमलेल्या संस्थेचाच हवा आणि इमिग्रेशनसाठी म्हणूनच काढलेला हवा. तो पाच वर्षं धरला जातो, म्हणून फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही.

नाकारलं तर गप्प बसू नका. डिग्र्यांना मान्यता देण्याबद्दल १९९७ चा लिस्बनचा करार आहे, त्यात आलेल्या देशांनी परस्परांच्या डिग्रीत मोठा, महत्त्वाचा फरक असेल तरच नाही म्हणायचं, आणि तो फरक दाखवायची जबाबदारी तपासणाऱ्याची असते, विद्यार्थ्याची नाही. नकाराचं कारण लेखी मागता येतं आणि अपील करता येतं. युनेस्कोचा जगभरासाठीचा असाच करार ५ मार्च २०२३ पासून लागू झालाय. तुमचे दोन देश यात आहेत का ते बघा आणि असतील तर अपिलात तसं स्पष्ट लिहा. अपिलासोबत सिलॅबस, एकूण तासिका, प्रोजेक्टचा तपशील जोडला की फरक पडतो, कारण नकार बऱ्याचदा कागद अपुरे असल्यामुळेच आलेला असतो. म्हणून सिलॅबसची शिक्का मारलेली प्रत शिकत असतानाच घेऊन ठेवा, दहा वर्षांनी डिपार्टमेंटमध्ये तो सिलॅबस कोणाला सापडत नाही.

बंद पाकीट आणि डिजिटल कागद

व्हेरिफिकेशनसाठी युनिव्हर्सिटीने ट्रान्सक्रिप्ट बंद पाकिटात द्यायची असते, झाकणाच्या जोडावर सही आणि शिक्का. हे पाकीट तुमच्या हातात आलं तरी उघडायचं नाही, आत नाव बरोबर आहे का बघायची कितीही इच्छा झाली तरी. उघडलं की ते साधं पाकीट झालं. म्हणून मागतानाच एक जास्तीची उघडी प्रत स्वतःसाठी मागा, ती तपासा, आणि बंद पाकिटं एकापेक्षा जास्त घ्या, खर्चात फार फरक पडत नाही आणि पुढचा हेलपाटा वाचतो. पाकिटावर किंवा आतल्या फॉर्मवर समोरच्या संस्थेने दिलेला तुमचा रेफरन्स नंबर लिहिलेला आहे ना हे खिडकीवरच बघा. तो नसेल तर पाकीट पोचतं पण तुमच्या फाइलला लागत नाही, आणि तुम्ही इकडे वाट बघत बसता, मला यात सहा आठवडे गेले.

सगळ्या प्रवासात सगळ्यात हळू काम हेच असतं असा माझा अनुभव, अपोस्टिल नाही. म्हणून वेळेचं गणित मांडताना युनिव्हर्सिटीच्या कामापासून मोजा आणि परीक्षेचे, निकालाचे, सुट्ट्यांचे आठवडे टाळा.

एजंट लावायचा असेल तर लावा, दूर राहणाऱ्याला पर्याय नसतो. फक्त तो कागद नेऊ-आणू शकतो, सर्टिफाय करू शकत नाही. मूळ डिग्री देताना लेखी पोच घ्या, आधी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन करून ठेवा, आणि कागद परत आला की अपोस्टिलचा आठव्या जागेतला क्रमांक आणि सहाव्या जागेतली तारीख घेऊन त्या देशाच्या रजिस्टरवर तपासा. देणाऱ्या ऑफिसला असं रजिस्टर ठेवावंच लागतं, आणि आता कितीतरी देशांत ते ऑनलाइन बघता येतं. नोंद मिळाली नाही तर आधी आकडा नीट वाचलाय का बघा, आणि तरीही नसेल तर कागद पुढे पाठवूच नका.

काही देश आता ई-अपोस्टिल देतात, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या ठिकाणी युनिव्हर्सिट्या डिग्रीच डिजिटल देतात, लिंक शेअर केली की समोरचा स्वतः तपासतो. यात एकच चूक सगळे करतात, फाइलची प्रिंट काढून देतात. डिजिटल सही फाइलच्या आत असते, प्रिंटवर तिचं फक्त चित्र येतं. तीच फाइल, नाव न बदलता, दुसऱ्या पीडीएफमध्ये न जोडता, जशी आली तशीच पुढे पाठवायची, आणि समोरचा कागदच हवा म्हणत असेल तर ई-अपोस्टिलच्या भानगडीत न पडता सुरुवातीपासून कागदीच मागून घ्यायचं.